तिसरी पिन कुणी तोडली?

गणपती तोंडावर आले की आमच्याकडे पत्रांचा ढीग पडतो, आणि या वेळी मजा अशी की निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली, ॲम्प्लिफायरला लाईट कुठून द्यायची आणि कशी द्यायची. स्पीकर कुठला घ्यावा हे कुणी विचारलंच नाही, ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. काही पत्रं फार लांब होती, ती कापलीयत, रागावू नका. नावं छापत नाही कारण दोघा-तिघांनी आपल्याच मंडळाच्या तक्रारी लिहिल्यायत.

प्रश्न : काका, आम्ही इंदूरच्या सुदामा नगरातले. मंडळानं या वर्षी दोन ॲम्प घेतले, प्रत्येकावर १५०० अधिक १५०० वॉट लिहिलंय. टेंटवाल्याच्या बोर्डावर लावले की चालू करतानाच एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पडतो, पाच-सहा वेळा उचलला की एकदाचा टिकतो. आमच्यातला एकजण म्हणतो एमसीबी काढून ३२ चा लावू, झंझट संपेल. लावू का?

उत्तर : नाही लावायचा. एमसीबी ॲम्पला वाचवायला नसतो रे, भिंतीतल्या आणि जमिनीवरच्या तारेला वाचवायला असतो. तार सोळा अँपियरची आणि एमसीबी बत्तीसचा, म्हणजे तार वितळेल तरी एमसीबी आरामात बसून राहील, आणि मंडपात ती तार कशावरून गेलेली असते ते तूच आठव, कापड, थर्माकोल, सुतळी.

आता पडतो का ते सांगतो. मोठ्या ॲम्पमध्ये एकतर जाडजूड गोल ट्रान्सफॉर्मर असतो नाहीतर एसएमपीएस, म्हणजे नव्या पद्धतीचा हलका पॉवर सप्लाय, आणि दोन्हीत वीज साठवणारे मोठे कपॅसिटर, ते चालू करण्याच्या क्षणी रिकामे असतात. त्या पहिल्या झटक्यात, सेकंदाच्या शंभराव्या भागात, नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचला जातो. घरातले बरेच एमसीबी बी टाईपचे असतात, ते तीन ते पाच पट करंटला झटक्यात पडतात, सी टाईपचे पाच ते दहा पटीला. तुम्ही दोन्ही ॲम्प एकाच बोर्डावर लावून बोर्डाचं बटण दाबताय, म्हणजे दोघांचा झटका एकदम. म्हणून आधी ॲम्पची स्वतःची बटणं बंद ठेवा, बोर्डाला लाईट द्या, मिक्सर वगैरे सगळं चालू होऊ द्या, मग एक ॲम्प, पाचएक सेकंद थांबून दुसरा. बंद करताना उलटं, ॲम्प सगळ्यात आधी. याच्याने स्पीकरमधला तो धप्प आवाजही जातो, तो फुकटचा फायदा. तरी पडलाच तर वायरमनकडून सी टाईपचा, पण सोळाचाच, लावून घ्या. आणि हो, किटकॅटमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या जुन्या फ्यूजमध्ये, दुपदरी तार गुंडाळून बसवणारे महाभाग अजून आहेत, त्यांना मंडपाच्या आत घेऊ नका.

दुसरं म्हणजे खरा लोड. दोन ॲम्प म्हणजे एकूण सहा हजार वॉट म्हणून लोक घाबरतात, आणि काहीजण उलट काही हिशोबच करत नाहीत. गाण्यात सगळा वेळ पूर्ण ताकद लागत नाही, म्हणून कंपन्या सुद्धा करंटचा आकडा आठव्या हिश्श्याच्या पॉवरवर देतात. एका ॲम्पचे ३००० वॉट धरले तर आठवा हिस्सा ३७५, पण जुन्या पद्धतीचा जड ॲम्प तेवढं बाहेर काढायला साधारण हजारेक वॉट आत खेचतो, बाकीची नुसती गरमी. म्हणजे चार-साडेचार अँपियर. नव्या पद्धतीचा, कमी गरमीचा क्लास डी असेल तर अडीच-तीनमध्ये भागतं. आरती-भजनाला हे ठीक आहे. पण तुमच्याकडे डीजे दाबून वाजवणार असेल, ॲम्पची हद्द झाली हे सांगणारा लिमिटरचा लाल दिवा विझतच नाही असा, तर आठव्याच्या जागी तिसरा हिस्सा धरा, मग एका जड ॲम्पला आठ-नऊ अँपियर होतात आणि दोघांत सोळाचं सर्किट संपलं. तेव्हा एका ॲम्पला एक सोळा अँपियरचा पॉईंट द्या. त्यावर झालर नको, फॅन नको, प्रसादाचं इंडक्शन तर अजिबात नको. टेंटवाल्याचा सहा अँपियरवाला बोर्ड मोबाईल चार्जिंगला ठेवा.

आणि तार बघा. टेंटवाल्याची एक स्क्वेअर एमएमची तार पन्नास मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन शंभर मीटर तांबं झालं, त्याचा रेझिस्टन्स पावणेदोन ओहमच्या वर जातो. दहा अँपियर वाहिले की १८ व्होल्ट तारेतच खाल्ले, आणि १८० वॉटची गरमी त्या तारेत. अडीचची घेतली तर साडेसात व्होल्ट, चारची घेतली तर पाचच्या आत. महाराणी रोडवर जाऊन एकदाच चांगली अडीच किंवा चारची थ्री कोअर घ्या, दर वर्षी भाड्याची घेण्यापेक्षा स्वस्त पडते. थ्री कोअर म्हणतोय मी, फेज, न्यूट्रल आणि अर्थ. टू कोअर घेऊन वीस रुपये वाचवू नका. आणि उरलेली तार रीळवर गुंडाळलेली ठेवायची नाही, पूर्ण उलगडायची, गुंडाळीच्या आत गरमी अडकते आणि आतलं इन्सुलेशन आधी मऊ पडतं, वरून हात लावला तर कळतही नाही.

प्रश्न : मी सुगम संगीताचे कार्यक्रम करते, इंदूर, देवास, उज्जैनला जाणं होतं. बऱ्याच ठिकाणी माइक ओठाला लागला की झिणझिण्या येतात. साउंडवाल्याला सांगितलं तर म्हणतो ताई चप्पल घालून गा. स्टेजवर चप्पल घालून मी गात नाही. हे धोक्याचं आहे का नुसतं त्रासाचं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चप्पल घालायला सांगणाऱ्या माणसाला कारण ठाऊक आहे, म्हणून तर तो चप्पल म्हणतोय, आणि हे मला जास्त खटकतं.

असं होतं बघा. माइकची जाळी, तिची बॉडी, तारेच्या शील्डमधून मिक्सरच्या पत्र्याला जोडलेली असते, आणि मिक्सरचा पत्रा थ्री पिन टॉपच्या वरच्या जाड पिनमधून अर्थला. ती पिन असेल आणि बोर्डाला खरंच अर्थिंग असेल तर पत्रा जमिनीइतकाच शांत. ती पिन तोडली, किंवा टू पिनच्या बोर्डात कोंबली, की पत्रा हवेत लटकला. आजकालच्या एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला दोन छोटे कपॅसिटर असतात, ते मधोमध असल्यामुळे पत्र्यावर निम्मी लाईट उभी राहते, २३० चे अर्धे, साधारण ११५ व्होल्ट. मीटर लावा, दिसेल. करंट मात्र अगदी बारीक असतो, मिलिअँपियरच्या आत-बाहेर, म्हणून झिणझिण्या. इथपर्यंत नुसता त्रास.

पण गंमत, गंमत कसली, धोका पुढे आहे. ही बारीक झिणझिण आणि आत कुठेतरी फेजची तार सुटून पत्र्याला टेकायच्या बेतात असल्याची झिणझिण यातला फरक ओठांना कळत नाही. तार टेकली आणि पिन जागेवर असेल तर मोठा करंट अर्थमधून जातो, एमसीबी पडतो, कार्यक्रम थांबतो, लोक शिट्ट्या मारतात, बस. पिन तुटलेली असेल तर काहीच पडत नाही, पत्रा २३० वर जाऊन वाट बघत बसतो. आणि माणूस मध्ये आला तरी सोळाचा एमसीबी पडणार नाही, कारण माणसाचा जीव जायला अँपियरचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो आणि एमसीबीला ते कळतही नाही. त्यातून ओठ ओले, हात घामेजलेले, आणि शेजारी गिटारवाला असेल तर त्याचा ॲम्प दुसऱ्याच बोर्डावर. त्यानं एका हातानं तारा धरल्या आणि कोरससाठी तुमच्या माइककडे तोंड आणलं की रस्ता छातीतून गेला.

पिन तोडतात का तर हम येतो म्हणून. म्हणजे स्पीकरमधून जो घुंऽऽ असा आवाज येतो तो. आणि खरं सांगायचं तर पिन तोडली की तो बऱ्याचदा जातो, म्हणून तर ही सवय गुरूकडून चेल्याकडे आलीये. मीसुद्धा शिकाऊ असताना पक्कड घेऊन पिना तोडल्यायत, उस्तादानं सांगितलं म्हणून, आणि एकदा एका हॉलच्या स्टेजवर मिक्सरला एक हात आणि लोखंडी रॅकला दुसरा हात असा चिकटलो, शेजारच्यानं मेन खाली पाडला म्हणून हे सदर लिहितोय. त्या दिवशी हम अजिबात नव्हता, एकदम साफ आवाज.

हम येतो कारण मिक्सर एका बोर्डावर, ॲम्प स्टेजमागे दुसऱ्या बोर्डावर, दोन्हीकडे अर्थ, आणि मधली ऑडिओची तार तिसरा अर्थ बनते. दोन अर्थांत थोडा फरक असतो, तो फरक शील्डमधून फिरतो आणि ऐकू येतो. इलाज लाईटच्या तारेत नाही, ऑडिओच्या तारेत आहे. मिक्सर आणि ॲम्पला एकाच जागेवरून लाईट द्या, स्टेजमागून एक वेगळी थ्री कोअर तार मिक्सरपर्यंत आणा, अर्धे हम तिथेच मरतात. ऑडिओची तार बॅलन्स्ड वापरा, तीन पिनांच्या गोल एक्सएलआर कनेक्टरवाली. लॅपटॉप, कीबोर्ड, गिटार हे डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्या मध्ये लावायच्या छोट्या डब्यातून, घ्या, त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबल्यावर ऑडिओचा शील्ड सुटतो, लाईटचा अर्थ नाही. तरी राहिलाच तर ऑडिओच्या तारेत मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, जेल रोडला ऑडिओवाल्यांकडे मिळतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर हम गेला तर सगळा दोष त्या चार्जरचा, तिथे डीआय लावा आणि घरी जा.

काहीजण फँटम पॉवरला, म्हणजे मिक्सर माइकला त्याच्याच तारेतून जी लाईट देतो तिला, दोष देतात, ४८ व्होल्ट आहे म्हणून झटका बसतो. नाही. तो डीसी असतो, माइकच्या आतल्या पिनांवर असतो आणि माइकच्या बॉडीवर येत नाही.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. साउंड चेकला पोचलात की साउंडवाल्याला मीटर घेऊन माइकची जाळी आणि बोर्डाची अर्थ यांच्यात एसी व्होल्ट बघायला सांगा, एक-दोनच्या वर काही दिसायला नको. बोर्डात फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ ६०-७० असं विचित्र काही दाखवलं तर अर्थ कुठेतरी तुटलाय. आकडे बरोबर आले तरी अर्थ दमदार आहे असं सिद्ध होत नाही, केसाएवढ्या तारेवरही मीटर २३० दाखवतो, त्याला लूप टेस्टरवाला वायरमन लागतो. काही जुने वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघतात. सामान जोडलेलं असताना हे कुणाला करू देऊ नका, अर्थ मागे तुटलेला असेल तर बल्बमधून फेज थेट सगळ्या सामानाच्या पत्र्यावर येते, तुमच्या माइकवरसुद्धा.

आणि तो ऐकत नसेल तर आपला कॉर्डलेस माइक जवळ ठेवा. चांगल्यातला एक महाग पडतो हे खरंय, पण त्याच्या बॉडीला कुठलीच तार नाही.

प्रश्न : आरसीसीबी लावला तर दर अर्ध्या तासानं पडतो, काढला तर सगळं मस्त चालतं. मग तो खराब समजायचा का? (एक साउंडवाला, मालवा मिल)

उत्तर : भिया, तुमचा आरसीसीबी बहुतेक ठणठणीत आहे. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय का एवढंच तो बघतो, ३० मिलिअँपियरचा फरक दिसला की पडतो, आणि खरं तर १५ च्या पुढे कधीही पडायची त्याला मुभा आहे. वर ताईंना सांगितलं तसं प्रत्येक एसएमपीएस थोडा थोडा करंट अर्थमध्ये सोडतो, एकेक करून काही नाही, पण तुम्ही एकाच आरसीसीबीवर सहा ॲम्प, एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) आणि दोन लॅपटॉप लावलेत तर ती बारीक गळती जमा होऊन काठावर येते, मग एखाद्या झटक्यानं पडतो. वाटून द्या. स्टेजच्या माइक-वाद्यांना एक, ॲम्पना एक-दोन, लाईटींना वेगळा. एक पडला तर बाकीचं चालू राहतं. वाटूनही एखादा पडतच राहिला तर त्यावरचं एकेक सामान काढून बघा, ज्याच्याने थांबतं त्यात खरंच गळती आहे, ते दुरुस्तीला टाका. टेस्टचं बटण दर कार्यक्रमाआधी दाबायचं, न पडला तर तोच दिवस त्याचा शेवटचा.

प्रश्न : अनंत चतुर्दशीला झांकीच्या (मिरवणुकीतल्या देखाव्याच्या) मागे आमची ट्रॉली असते, त्यावर साउंड आणि १५ केव्हीएचा जनरेटर. मागच्या वर्षी रात्री दोनला व्होल्टेज इतकं हलायला लागलं की बेस वाजला की झालर विझायची. जनरेटरवाला म्हणतो पंधरा खूप झाले. आणि ट्रॉली चालत असताना अर्थिंग कुठे द्यायचं?

उत्तर : झांक्या काढणाऱ्या गिरण्या बंद पडून जमाना झाला पण झांक्या रात्रभर निघतायतच, आणि रात्री दोनला तिथे मीही असतो, तेव्हा हे कळकळीनं.

पंधरा केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८ धरून बारा किलोवॉट. पण तुमचा जनरेटर थ्री फेज आहे का ते आधी पाटीवर वाचा. थ्री फेज असेल तर एका फेजवर जेमतेम वीस-एकवीस अँपियर मिळतात, आणि मला खात्री आहे की जनरेटरवाल्यानं सोयीसाठी तुमचं सगळं सामान एकाच फेजवर लटकवलंय, बाकीच्या दोन फेज हवा खातायत. तो खोटं बोलत नाहीये, पंधरा आहेत, तुम्हाला पाच मिळतायत. सबवूफरचे ॲम्प एका फेजवर, वरच्या स्पीकरचे दुसरीवर, झालर आणि झांकीच्या मोटर तिसरीवर असं वाटा, पण स्टेजवर एकमेकांच्या हाताच्या अंतरावरचं सामान, म्हणजे मिक्सर, माइक, वाद्यं, एकाच फेजवर ठेवा, कारण दोन फेजमध्ये ४१५ असतात. आणि एकूण ६०-७० टक्क्यांच्या वर जनरेटर भरायचा नाही, बेसचा झटका आला की इंजिनाला क्षणभर दमायला जागा लागते, ती नसली की व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही खाली बसतात.

अर्थिंगचं. मंडपात जनरेटर उभा असेल तर जमिनीत रॉड ठोकायचा, पाणी घालायचं, जाड तारेनं फ्रेमला जोडायचा, यात चर्चा नाही. चालत्या ट्रॉलीला रबरी टायर, रॉड कुठे ठोकणार. काहीजण साखळी लोंबकळत सोडतात, ती डांबरी रस्त्यावर नुसती वाजते. तिथे काम बाँडिंगचं. जनरेटरची फ्रेम, ट्रॉलीची चासी, ॲम्पचा रॅक, झांकीचा लोखंडी सांगाडा, हे सगळं जाड हिरव्या तारेनं एकमेकांना नटबोल्टानं घट्ट जोडायचं, म्हणजे दोन वस्तूंत फरकच राहात नाही. आणि जनरेटरचा न्यूट्रल त्याच फ्रेमला एकाच ठिकाणी, जनरेटरपाशी, जोडलेला हवा. बऱ्याच छोट्या जनरेटरात तो जोडलेला नसतो, मग आरसीसीबी लावूनही तो नुसता शोभेला राहतो, फॉल्टच्या करंटला परत जायला रस्ताच नाही. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या, दोन ठिकाणी जोडलं तर नवीन भानगड.

डिझेल-पेट्रोल भरताना इंजिन बंद, आणि थोडं थंड होऊ द्यायचं, गाणं थांबेल तर थांबेल. सायलेन्सरचं तोंड ट्रॉलीवर बसलेल्या मुलांकडे नको, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वासही नसतो, मुलं झोपली असं वाटतं. पाण्याची बादली नाही, पावडरचा किंवा सीओटूचा फायर सिलिंडर हाताशी.

आणि वरच्या तारा. स्पीकरच्या थप्पीवर चढून बांबूनं तार उचलणारा पोरगा प्रत्येक मिरवणुकीत असतो, त्याला खाली उतरवा. बांबू ओला असतो, भाद्रपदात कोरडा बांबू मिळतो कुठे, आणि ११ हजारच्या लाईनला शिवायचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं की ती स्वतः उडी मारते. ट्रॉलीची उंची आधीच मोजा, रूट आदल्या दिवशी स्कूटरवरून फिरून बघा, तार खाली वाटली तर वीज कंपनीला आधी कळवून तेवढ्या वेळापुरती लाईन बंद करून घ्या.

प्रश्न : लग्नाच्या हॉलमध्ये वाजवत होतो, अचानक अर्धे दिवे झगझगीत झाले, अर्धे मंद, आणि दोन मिनिटांत मिक्सर आणि एक ॲम्प जळाले. हॉलवाला म्हणतो तुमच्या लोडमुळे झालं. पैसे कुणी द्यायचे?

उत्तर : पैशाचं मी सांगू शकत नाही, पण काय झालं ते सांगतो, ते घेऊन भांडा. याला आपल्याकडे न्यूट्रल उडाला म्हणतात. तीन फेजचा परतीचा रस्ता एकच न्यूट्रल असतो, तो मेन पॅनलमध्ये ढिला झाला किंवा जळाला की फेज आपापसात ४१५ व्होल्ट वाटून घेतात, ज्या फेजवर लोड जास्त तिचे दिवे मंद, जिच्यावर कमी तिच्यावर ३००-३५० चढतात. तुमचा मिक्सर बिचारा हलक्या फेजवर होता. अर्धे झगझगीत आणि अर्धे मंद ही त्याची सहीच आहे, नुसत्या जास्त लोडनं सगळेच मंद झाले असते. स्टॅबिलायझर इतक्या उडीला वाचवत नाही.

पुढच्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेजचा रिले तुमच्याच डिस्ट्रिब्युशन बॉक्समध्ये बसवून घ्या, २७० च्या पुढे गेलं की तो कापतो. हॉलच्या पॅनलमधून थेट घेत असाल तर मेन बंद करूनच, आणि जोडताना अर्थ आधी, मग न्यूट्रल, मग फेज, काढताना उलटं. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एमसीबी कुणी घातला असेल तर तो तिथून हलवायला सांगा, तो उडाला की हीच कथा. हॉलच्या जनरेटरचं चेंजओव्हर, म्हणजे मेन लाईटवरून जनरेटरवर नेणारा स्विच, चार पोलचं आहे का ते विचारा, न्यूट्रलही बदलला पाहिजे. चेंजओव्हर न लावता दोन्हीकडे पिना असलेल्या तारेनं जनरेटर घरच्या बोर्डात घुसवणारे लोक आहेत, बाहेर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपण मारतोय हे त्यांना माहीत नसतं.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगाच्या मिरवणुकीत) आमची गाडी असते. टँकरवरची मिसाइल, म्हणजे रंगीत पाण्याची तोफ, चालली की सगळं भिजतं. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून चालेल?

उत्तर : पिशवीत पाणी शिरतं आणि मग आतच राहतं, बाहेर येत नाही. राजवाड्यापाशी पोचेपर्यंत तुमचा जॉईंट रंगीत पाण्यात पोहत असतो, आणि त्या रंगात काय काय मिसळलेलं असतं ते बघता साध्या पाण्यापेक्षा ते करंट चांगलं नेतं. ॲम्पचा रॅक गाडीच्या केबिनमागे, उंचावर, वरून आणि पुढून झाकलेला पण मागून हवेला उघडा, नाहीतर गरमीनं बंद पडेल. घरगुती टॉप आणि बोर्ड नकोतच, निळे इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट घ्या, त्यावर आयपी ४४ लिहिलेलं असतं म्हणजे शिंतोडे चालतात, आयपी ६६ असेल तर धारही चालेल. जॉईंट जमिनीवर नाही, लटकवून ठेवायचे, तार जॉईंटच्या खाली झोळ देऊन वर न्यायची म्हणजे पाणी झोळातून गळतं. टेपचा जॉईंट एकही नको. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी पडला तर दोनदा उचलून बघायचं नाही, तिसऱ्यांदा तर नाहीच, ढोल-ताशा वाजवा.

प्रश्न : आमच्याकडे स्पीकरच्या तारांना टू पिनचेच टॉप लावलेत, बोर्डातून जोडायला सोपं पडतं. काही हरकत?

उत्तर : आहे, मोठी हरकत आहे. अंधारात कुणीतरी तो टॉप खऱ्या लाईटच्या बोर्डात घालणार, आणि मग स्पीकर एका सेकंदात गेला, किंवा दुसऱ्या टोकाला पिना हातात धरलेला माणूस. शिवाय स्पीकरची तार म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका, आठ ओहमवर हजार वॉट म्हणजे जवळपास ९० व्होल्ट, ॲम्पचे दोन्ही चॅनल एकत्र, म्हणजे ब्रिज करून, दोन हजार केले तर १२६. उघड्या पिनांवर. स्पीकॉन लावा, तो फिरवून बसतो, लाईटच्या बोर्डात जाऊच शकत नाही. या आठवड्यातच बदला, पत्राचं उत्तर छापून येईपर्यंत थांबला असाल तर आज.

प्रश्न : डिजिटल मिक्सर लाईट गेली की परत चालू व्हायला मिनिटभर घेतो. ॲम्पसकट सगळं यूपीएसवर टाकावं का?

उत्तर : फक्त मिक्सर, वायरलेसचे रिसिव्हर आणि लॅपटॉप यूपीएसवर. ॲम्प नको, त्याचा पहिला झटकाच छोट्या यूपीएसला झोपवतो. आणि यूपीएसलाही थ्री पिनच, अर्थसकट.

प्रश्न : आमचं राजेंद्र नगरात महिला भजनी मंडळ आहे. चाकांचा बॅटरीवाला स्पीकर आहे, चार्जिंगला लावून वापरला की माइकला हात लागल्यावर बारीक करंट लागतो. बॅटरी तीन तास चालते असं दुकानदारानं सांगितलंय. काय करावं?

उत्तर : वहिनी, चार्जर टू पिनचा असेल म्हणून होतं ते. चार्जर वरिजनल नसेल किंवा तडकलेला असेल तर आधी तो बदला. दुपारी चार्ज करून ठेवा, तार काढा, मग भजन सुरू करा. दुकानदाराचे तीन तास म्हणजे खरे दोन धरा, तुमचं भजन तेवढ्यात संपतं का ते मात्र तुम्हीच बघा, मागच्या एकादशीला मी शेजारीच राहायला होतो.